उदासीवरचा उतारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९५२ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत काही छायाचित्रे छापून आली. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड या बेटावर सी व्ह्यू नावाचे क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय होते. तिथले रुग्ण हसताहेत, नाचताहेत, अशी ती छायाचित्रे. वाचणाऱ्यांना नवल वाटले, कारण त्या काळी क्षयाच्या वॉर्डातून माणूस चालत बाहेर येईल याची कुणाला खात्री नसे. या मंडळींना आयप्रोनियाझिड आणि आयसोनियाझिड ही नवी औषधे चालू केली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रॉकेटच्या इंधनासाठी वापरलेले हायड्रॅझीन नावाचे रसायन युद्धानंतर शिल्लक राहिले. ते औषध कंपन्यांना स्वस्तात मिळाले आणि त्यातून ही औषधे निघाली. रुग्णांची भूक वाढली, वजन वाढले, अंगात ताकद आली. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. ज्यांनी भिंतीकडे तोंड करून दिवस काढले होते, ती माणसे बोलू लागली.

डॉक्टरांनी याचा साधा अर्थ लावला. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस नाचेल नाही तर काय करेल? पण काहींच्या मनात शंका राहिली. क्षय अजून बरा झालेला नाही आणि मन मात्र आधीच उठून बसले आहे, असेही दिसत होते. विशेषतः आयप्रोनियाझिड घेणाऱ्यांत हे जास्त होते. म्हणजे हा आनंद रोग बरा झाल्याचा आहे, की औषधाचाच काही गुण आहे?

उदासीच्या आजारावरच्या औषधांचा इतिहास इथून सुरू होतो. तो सांगावासा वाटतो याचे कारण असे, की हा आजार अंगावर काढणारी माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत आणि त्यांना मिळणारे सल्ले मात्र ठरलेले आहेत. 'मन घट्ट कर.' 'तुला कमी काय आहे?' 'गोळ्या घेऊ नकोस, सवय लागेल.' २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले, की आपल्या देशात वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो आणि अशा सर्वसाधारण मानसिक आजारांच्या शंभरातल्या पंच्याऐंशी रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. उदास वाटणे निराळे आणि उदासीचा आजार निराळा. घरात कुणी गेले, नोकरी गेली, तर माणूस उदास होणारच. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण गोड लागत नाही, आंघोळीला उठणे म्हणजे डोंगर चढणे वाटते, नातवंड मांडीवर येऊन बसले तरी आत काही हलत नाही आणि 'आपण सगळ्यांना ओझे झालो' हा एकच विचार डोक्यात फिरत राहतो, तेव्हा तो आजार असतो. त्याला डॉक्टर 'डिप्रेशन' म्हणतात, आपण नैराश्य म्हणतो. यात मन घट्ट करायचे म्हणजे ज्या हाताचे हाड मोडले आहे त्याच हाताने पाण्याची कळशी उचलायची.

आता पुन्हा १९५० च्या दशकाकडे जाऊ. पण अमेरिकेत नव्हे, मुंबईत.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याला नवी नाही. तिचे मूळ आयुर्वेदात वापरले जाते आणि बिहार-बंगालकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन डॉक्टरांनी तिच्याविषयी लेख लिहिला. हे मूळ रक्तदाब खाली आणते आणि क्षुब्ध मनाला शांत करते, असे दोन्ही गुण त्यांनी नोंदवले होते. लेख भारतातल्या एका वैद्यकीय मासिकात आला आणि तिथेच राहिला. मग मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केल्या. जगाचे लक्ष वेधले गेले ते त्या लेखाने. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि सर्पगंधा गोळीच्या रूपाने जगभर गेली.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात नॅथन क्लाइन नावाचे डॉक्टर होते. भारतातल्या या मुळाविषयी त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ते आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. आरडाओरडा करणारे, स्वतःला इजा करून घेणारे रुग्ण शांत झाले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्या मंडळींना विभागून मिळाला, त्यांत नॅथन क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही होते. मुंबईच्या वैद्यकीय वर्तुळाबाहेर वकिलांचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

पण रेसर्पिनची गोष्ट इथे संपत नाही, उलट आपल्या विषयाच्या दृष्टीने ती इथे सुरू होते. रक्तदाबासाठी हे औषध मोठ्या मात्रेत आणि बराच काळ घेणारे काही रुग्ण हळूहळू खिन्न होत गेले. १९५४ मध्ये अमेरिकेतले डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी अशा रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांना काही झाले नव्हते, कुणी गेले नव्हते, फक्त गोळी चालू होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे मान टाकून मलूल बसले. त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन नावाचे रसायन रिकामे झालेले आढळले. ब्रॉडींकडे काही काळ काम करून गेलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी पुढे दाखवले, की डोपामिन हे दुसरे रसायनही असेच रिकामे होते. अशाच मलूल सशांना त्यांनी हे रसायन पुन्हा तयार होईल असे द्रव्य टोचले, तर ससे उठून हिंडू लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे एकीकडे क्षयाच्या एका औषधाने मन वर येते आणि दुसरीकडे रक्तदाबाच्या एका औषधाने मन खाली जाते. दोन्ही गोष्टी कुणी ठरवून केल्या नव्हत्या. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक विचार पुढे आलाच: ही खिन्नता म्हणजे स्वभावातली खोट नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही, आळस तर नाहीच नाही. तिचा शरीराशी, मेंदूतल्या रसायनांशी काही संबंध आहे. आज हे ऐकताना फार वाटत नाही. पण ज्या माणसाला आयुष्यभर 'तू रडका आहेस' असे ऐकवले गेले, त्याला हे वाक्य प्रथम ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहा.

क्लाइन यांनी १९५७ च्या वसंतात आपल्या सहकाऱ्यांसह आयप्रोनियाझिडचे निष्कर्ष मांडले. या वेळी रुग्ण क्षयाचे नव्हते, खिन्नतेचे होते. त्यामुळे 'रोग बरा झाल्याचा आनंद' ही शंका मिटली. पुढच्या वर्षभरात अमेरिकेत चार लाखांच्या आसपास रुग्णांनी हे औषध खिन्नतेसाठी घेतले, असे सांगतात. गंमत म्हणजे ते दुकानात होते क्षयाचे औषध म्हणून. मात्र पुढे काही रुग्णांना कावीळ झाली आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ते मागे घ्यावे लागले.

त्याच १९५७ साली दुसरी, माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट घडत होती. स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन या खेड्यात एक मनोरुग्णालय आहे. तिथले वरिष्ठ डॉक्टर रोलंड कून. बासलच्या गायगी कंपनीने त्यांच्याकडे एक द्रव्य तपासायला पाठवले. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. भ्रमिष्ट रुग्णांना ते शांत करील अशी अपेक्षा होती. झाले भलतेच. त्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही, काही तर आणखी अस्वस्थ झाले. दुसरा कुणी असता तर बाटल्या परत पाठवून मोकळा झाला असता. कून यांनी विचार केला, की जे औषध शांत माणसाला अस्वस्थ करते ते मलूल माणसाला उठवील का?

जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी ते खोल खिन्नतेत बुडालेल्या एका बाईला द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस काही झाले नाही. आठवड्याच्या शेवटी मात्र परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आले, की बाई बदलली आहे. कून यांच्याकडे मोजमापाचे तक्ते नव्हते, रक्ततपासणी नव्हती. रुग्णाशी रोज बोलायचे, ती सकाळी कशी उठते, शेजारणीशी बोलते का, स्वतः होऊन काही करू लागली का, हे पाहायचे, एवढेच त्यांचे साधन. या गोळीने माणूस उगाच खुशीत येत नाही किंवा नशेत जात नाही, जसा आजाराच्या आधी होता तसा परत येतो, असे त्यांनी लिहिले. गोळी थांबवली की खिन्नता परतते आणि पुन्हा दिली की हटते, हेही त्यांनी पाहिले.

सप्टेंबर १९५७ मध्ये झ्युरिकला मनोविकारतज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. कून यांनी आपला निबंध वाचला तेव्हा सभागृहात जेमतेम डझनभर माणसे होती. त्या द्रव्याचे पुढे नाव पडले इमिप्रामिन. ते आजही आपल्याकडे औषधाच्या दुकानांत मिळते. त्याच्या आधी खोल खिन्नतेवर डॉक्टरांच्या हातात होते काय? अफू, झोपेची औषधे आणि १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेले विजेचे झटके. झटक्यांविषयी आपल्या मनात चित्रपटांनी भीती भरून ठेवली आहे. प्रत्यक्षात आज ते भूल देऊन देतात आणि ज्या रुग्णाने अन्नपाणी सोडले आहे त्याचा जीव त्याने अनेकदा वाचतो. पण तो विषय निराळा.

कून यांच्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे आणि ती सांगितली पाहिजे. त्यांच्या रुग्णालयाचे दप्तर पुढे इतिहासकारांनी उघडले. तिथल्या थुर्गाउ प्रांताने हे काम सोपवले होते आणि २०१९ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. कून यांनी अनेक दशके डझनावारी अनोळखी द्रव्ये हजाराहून अधिक रुग्णांवर वापरून पाहिली होती आणि त्यांतल्या अनेकांना धड कल्पनाही दिली गेली नव्हती, असे त्यातून पुढे आले. ज्या माणसाने रुग्णाकडे इतक्या बारकाईने पाहिले, त्याने त्याच रुग्णाला विचारायचे मात्र टाळले. आपण आज गोळी घेतो तिच्यामागे विचारले न गेलेले हे लोकही आहेत.

इथे थोडे थांबून एका गैरसमजाकडे पाहू. 'मेंदूत सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते, गोळीने ते भरून निघते', हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. १९६५ मध्ये अमेरिकेचे जोसेफ शिल्डक्राउट यांनी आणि पाठोपाठ ब्रिटनमध्ये ॲलेक कॉपन यांनी असा तर्क मांडला होता, तो तर्क म्हणूनच. पुढे १९८७ च्या अखेरीस फ्लुऑक्सेटिन अमेरिकेत मंजूर झाले आणि जाहिरातींनी त्या तर्काचे सत्य करून टाकले. पण त्याला छेद देणारा पुरावा अगदी सुरुवातीपासून होता. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंतेने आणि खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिले. मन खाली नेणारे म्हणून बदनाम होऊ लागलेल्या त्याच औषधाने ते रुग्ण खोट्या गोळीपेक्षा बरे झाले. तो निबंध कुणाच्या लक्षात राहिला नाही. २०२२ मध्ये सगळ्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सेरोटोनिन कमी असल्याचा ठाम पुरावा सापडला नाही.

यावरून काही जणांनी निष्कर्ष काढला, की गोळ्या म्हणजे फसवणूक. तसे नाही. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आढावा आला. एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशोब त्यात होता. सगळीच औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र बेताचा होता. विलोच्या सालीने ताप उतरतो हे माणसाला शेकडो वर्षे ठाऊक होते, का उतरतो ते विसाव्या शतकात कळले. इथेही गुण आधी कळला आणि कारणाचा शोध अजून चालू आहे. रुग्णाच्या दृष्टीने कामाच्या गोष्टी दोन. पहिली, गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि पोटात मळमळ, तोंडाला कोरड असे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतात. म्हणून पुष्कळ लोक दहाव्या-बाराव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडतात, म्हणजे नेमके वळणाच्या अलीकडे परत फिरतात. आणि पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटणारे रुग्ण साधारण तिघांत एक असतात, बाकीच्यांना औषध बदलून पाहावे लागते. दुसरी, बरे वाटू लागल्यावरही गोळी आणखी नऊ महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात आणि थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते आणि माणसाला वाटते आजार उलटला.

पण गोळी मिळाली म्हणजे वाट सापडली असे होत नाही. आणि इथे आपल्याला गोव्यात यावे लागते. त्याआधी मात्र आफ्रिकेत.

१९९० च्या दशकात विक्रम पटेल हे तरुण मनोविकारतज्ज्ञ झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे संशोधनासाठी गेले. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला नेमका शब्द नव्हता. पण लोक म्हणत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे. तब्येत विचारली की डोके दुखते, झोप नाही असे सांगत, आणि कारण विचारले की म्हणत, फार विचार होतात. हे ऐकताना आपल्याला ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही आरोग्य केंद्रात येणारी बाई 'मला नैराश्य आहे' असे कधी म्हणत नाही. अंग मोडून येते, झोप नाही, अशक्तपणा आहे, डोक्यात विचार फार आहेत, असे म्हणते. तिला लोहाच्या गोळ्या नाही तर सलाईन मिळते आणि ती परत जाते. गोव्यात सर्वांना समजणारा शब्द 'टेन्शन'. पटेल गोव्यात आले, १९९६ मध्ये तिथे 'संगाथ' ही संस्था उभी राहिली आणि पुढच्या कामात रुग्णांशी बोलताना जड नाव टाळून हाच 'टेन्शन' शब्द वापरला गेला. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते. नाव दिले नाही म्हणून आजार हलका होत नाही, पण नावाच्या भीतीने येणारी बाई येते तरी.

या कामाची पहिली पायरी अपयशाची होती. गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात साडेचारशे रुग्णांवर चाचणी झाली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. काहींना फ्लुऑक्सेटिन, काहींना खोटी गोळी आणि काहींना समुपदेशन, म्हणजे बोलण्याचा उपचार. दोन महिन्यांनी गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. समुपदेशन ठरले नाही. बहुतेकांना ठरलेल्या भेटींना येणेच जमले नव्हते. दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून फक्त बोलायला कोण येणार? बोलण्याने फायदा होतो असे मानणाऱ्यांना हा धक्का होता. त्यांनी तो पचवला आणि उपचाराची रचना बदलली.

तिकडे अमेरिकेत दरम्यान एक वेगळा धागा निघाला होता. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांची पद्धत बदलून खिन्नता हटवण्याचा उपचार घडवला. तो नावाजला गेला. पण ऑरेगॉनचे पीटर लुइन्सन यांचे म्हणणे आणखी साधे होते. माणूस खिन्न झाला की कामे सोडतो, कामे सोडली की आनंदाचे प्रसंग थांबतात, ते थांबले की आणखी खिन्न होतो. तेव्हा विचारांच्या मागे न लागता आधी करणे सुरू करा, मन मागून येईल. १९९६ मध्ये सिअ‍ॅटलचे नील जेकबसन यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता 'कामाला लावण्याचा' भाग पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी निघाला. तज्ज्ञ मंडळींना हे फारसे रुचले नसावे. पण याचा एक अर्थ फार मोठा होता: इतका साधा उपचार द्यायला मोठी पदवी लागणार नाही.

गोव्यात तेच झाले. आधी २००७ ते २००९ या काळात 'मानस' नावाचा प्रयोग झाला. आजची सरकारी दूरध्वनी सेवा टेली-मानस ती निराळी. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आपण बोलतो आहोत तो प्रयोग चोवीस दवाखान्यांत झाला, निम्मे सरकारी, निम्मे खाजगी. थोडे प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी रुग्णांची विचारपूस आणि पाठपुरावा केला. सरकारी केंद्रांतले रुग्ण लक्षात येण्याइतके जास्त बरे झाले, खाजगीत तसा फरक दिसला नाही. त्यानंतर दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्यांत बहुतांश स्त्रिया. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाची. भेट आरोग्य केंद्रात, जमत नसेल तर रुग्णाच्या घरी, तेही नाही तर दूरध्वनीवर. म्हणजे २००३ चा धडा इथे कामी आला.

भेटीला येणारी व्यक्ती डॉक्टर नव्हे. मानसिक आरोग्याचे कुठलेही पूर्वशिक्षण नसलेली, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक व्यक्ती. ती उपदेश करीत नाही. 'आनंदी राहा' असे तर मुळीच म्हणत नाही. ती विचारते, काल सकाळपासून काय काय केले? त्यातल्या कशाने किंचित हलके वाटले, कशाने जास्त जड? आणि पूर्वी काय करायला आवडे, जे आता सुटले? मग दोघे मिळून एक अगदी लहान गोष्ट ठरवतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाणे. बहिणीला फोन करणे. देवळात किंवा चर्चमध्ये पाच मिनिटे बसून येणे. मन तयार होण्याची वाट पाहायची नाही, मन नसतानाच करायचे, आणि केले की खूण करायची. पुढच्या आठवड्यात ती खूण पाहणारे कुणीतरी येणार आहे, हे रुग्णाला ठाऊक असते. नाही जमले तर रागावायचे नाही, गोष्ट आणखी लहान करायची. नवऱ्याशी भांडण, कर्ज, घरातला दारूचा त्रास असे खरे प्रश्न असतील तर त्यांतला हाताला लागेल असा एक निवडायचा. घरातल्या एखाद्या माणसालाही बरोबर घ्यायचे. समुपदेशक मंडळी एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकून चुका दाखवीत, म्हणजे त्यांच्यावरही लक्ष होते.

तीन महिन्यांनी, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी शंभरात ३९ जण आजाराच्या बाहेर आले होते. भेटी मिळालेल्यांत ६४.

हे ६४ म्हणजे शंभर नव्हेत, हेही लक्षात ठेवायला हवे. उरलेल्यांना औषध, मोठे रुग्णालय, अधिक काळ लागतो. जीव द्यावासा वाटतो असे जो बोलतो, त्याच्यासाठी आठवड्याची वाट पाहायची नसते, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे असते. आणि एकदा बाहेर आलेल्यांतलेही काही पुन्हा आत जातात. बरे होणे म्हणजे जिना चढणे नव्हे, चार पायऱ्या वर आणि दोन खाली असे ते चालते. ज्यांनी हे भोगले आहे ते सांगतात, की पहिल्यांदा जे लक्षात येते ते फार क्षुल्लक असते. चहाला चव लागली. रेडिओवरचे गाणे संपेपर्यंत ऐकले. घरच्यांना ते कळतही नाही, पण कून यांच्या परिचारिकांना जे दिसले होते ते हेच.

हरारेमध्येही पटेल यांच्या नंतरच्या पिढीने वाट काढली. डिक्सन चिबांडा हे तिथले मनोविकारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण रुग्ण पुढच्या भेटीला आली नाही आणि तिने जीव दिला. दवाखान्यापर्यंत यायला बसभाडे नव्हते. २००६ मध्ये चिबांडांनी म्बारे या गरीब वस्तीत चौदा आज्ज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर बसवले. 'फ्रेंडशिप बेंच', मैत्रीचा बाक. आजी विचारते, पोरी, कसला विचार करतेस एवढा? आणि ऐकून झाल्यावर, यातले आधी काय सोडवू या? २०१६ मध्ये ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी शंभरात १४ जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती, बाकीच्यांत ५०.

गोव्यातल्या त्या रुग्णांना वर्षभराने पुन्हा गाठले, तेव्हाही दोन गटांतला फरक टिकून होता. भेटी केव्हाच संपल्या होत्या. ज्यांनी भेटींच्या काळात कामांची सवय लावून घेतली होती, त्यांचा गुण टिकला होता. त्यानंतर हे प्रशिक्षण मोबाइलवर आणून मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना देण्याचे काम सुरू झाले. लसीकरणाची आणि बाळंतपणाची नोंद ठेवणारी गावातली बाई आता शेजारणीला हेही विचारायला शिकली, की काल सकाळपासून काय काय केलेस?